झाकण येईपर्यंत

इमारतीचं काम शेवटच्या टप्प्यात आलं, की जवळपास प्रत्येक मजल्यावर एक गोष्ट हमखास दिसते. भिंतीत पक्का केलेला पत्र्याचा डबा, आत एमसीबींची रांग, वायरींचे झुबके, आणि पुढून सगळं उघडं. या डीबीचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डाचं, दार तळमजल्याच्या स्टोअरमध्ये असतं, खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ते लावलं का नाही असं इलेक्ट्रिशियनला विचारलं तर त्याचं उत्तर तयार असतं, आणि ते चुकीचंही नसतं. भिंतीला पुट्टीचा शेवटचा हात बाकी आहे, रंगाचे दोन हात व्हायचेत. आत्ता दार लावलं तर त्यावर पुट्टीचे शिंतोडे उडतील, कुणाची तरी शिडी आपटेल, आणि ताबा घेताना घरमालक नेमकं त्याच ओरखड्यावर बोट ठेवेल. शिवाय डब्याची कड आणि भिंतीची पातळी जुळते की नाही हे शेवटचा हात फिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून दार सगळ्यात शेवटी.

वीज मात्र त्याच्या कितीतरी आधी येते. लिफ्टची चाचणी घ्यायची असते, पंप चालवायचा असतो, जिन्यात दिवे हवे असतात, टाइल्सवाल्याला कटर आणि सुताराला रंधा चालवायचा असतो. खालच्या तात्पुरत्या पॅनलवरून पाच मजले एक्स्टेंशन ओढत नेण्यापेक्षा त्या त्या मजल्यावरची कायमची लाइन चालू करून टाकणं सोपं पडतं. मग सप्लाय सुरू झाल्यापासून दार लागेपर्यंत काही आठवडे जातात, मोठ्या कामावर काही महिनेही. या काळात त्या उघड्या डब्यासमोर इलेक्ट्रिशियन क्वचितच असतो. त्याच्यासमोर असतात रंगारी, गवंडी, प्लंबर, फॉल्स सीलिंगवाले, आणि ओल्या फडक्याने भिंती पुसणाऱ्या सफाईच्या बायका. यातल्या कुणालाही आत काय आहे हे शिकवलेलं नसतं आणि ते त्यांचं कामही नाही.

या मधल्या काळासाठी पॅनलला लावायचं जे झाकण असतं, त्याविषयी हा लेख आहे. वस्तू फार साधी आहे, इतकी की तिच्याविषयी लिहायचं काय असं वाटावं. पण बांधकामावरची सुरक्षितता कागदावर असते का भिंतीवर, हे तपासायला इतकी सोपी खूण दुसरी नाही.

आधी विजेकडे पाहू. आपल्याकडे एका फेजचं व्होल्टेज २३० आणि दोन फेजमधलं सुमारे ४१५. घामेजलेल्या किंवा ओल्या हाताने तांबं धरलं तर शरीराचा रोध ढोबळमानाने एक हजार ओहमच्या आसपास येतो. म्हणजे शरीरातून वाहणारा प्रवाह साधारण २३० मिलिअँपिअर. हा आकडा छोटा वाटतो, कारण घरातला जुना, तारेचा मोठा बल्बही त्याहून जास्त प्रवाह घेतो. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांवर प्रत्यक्ष प्रयोग करून एक वेगळाच आकडा शोधला. हातात धरलेली विद्युतभारित तार माणूस आपल्या इच्छेने कुठपर्यंत सोडू शकतो? पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, स्त्रियांची १०.५. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. ‘करंटने धरून ठेवलं’ असं आपल्याकडे म्हणतात ते याला. प्रवाह आणखी वाढला आणि सेकंदभर तरी टिकला, तर हृदयाची लय बिघडू शकते.

आता पॅनलमधल्या एमसीबीचा विचार करा. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. २३० मिलिअँपिअरने माणूस मरून जाईल, पण एमसीबीला काही झाल्याचा पत्ताही लागणार नाही. त्याचं काम वायरीला जळण्यापासून वाचवायचं. माणसाला वाचवायला आरसीसीबी असतो, ज्याला साइटवर अजूनही ईएलसीबी म्हणतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात लाइन तोडतो. डॅलझिएल यांनीच १९६१ मध्ये याच तत्त्वावरचं, पण याहूनही कमी प्रवाहाला तुटणारं उपकरण तयार केलं. अमेरिकेत ते जीएफसीआय नावाने घराघरांत पोचलं.

इथे बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात. आरसीसीबी आहे ना, मग झाकणाचं एवढं काय? गफलत नेमकी इथे होते. आरसीसीबीला कळतो तो फक्त जमिनीकडे पळालेला प्रवाह. लाकडी स्टूलवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याचा एक हात एका फेजला आणि दुसरा हात दुसऱ्या फेजला किंवा न्यूट्रलला लागला, तर जितका प्रवाह गेला तितकाच परत आला, फरक शून्य. त्या उपकरणाच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एखादा हीटर. दुसरी गोष्ट जागेची. आरसीसीबी स्वतः पॅनलच्या आतच बसवलेला असतो, आणि त्याच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे जिथे बाहेरची केबल येऊन टेकते तिथे, त्याचं काही चालत नाही. मुख्य स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर वीज असतेच. ‘मेन बंद केलाय, आता डबा मेलेला आहे’ हा समज किती अनुभवी हातांना महागात पडला असेल. फेज-टू-फेज आणि इनकमर, या दोन्ही ठिकाणी माणूस आणि तांबं यांच्यामध्ये काहीतरी आडवं असणं एवढाच उपाय उरतो.

ते ‘काहीतरी’ म्हणून आपल्याकडे काय काय वापरलं जातं याची एक यादीच करता येईल. पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा बायंडिंग वायरने बांधलेला. शटरिंगमधून उरलेला प्लायचा तुकडा. गोणपाट. ताडपत्री. सिमेंटची रिकामी पिशवी. क्वचित पत्रा. यातला पुठ्ठा सगळ्यांत लोकप्रिय, कारण फुकट आणि हाताशी. पावसाळ्यात तो हवेतली ओल पितो, एका बोटाने ढकलला तर आत जातो, आणि आत ठिणगी पडली तर पहिला तोच पेटतो. बायंडिंग वायर तर उघड उघड लोखंडी तार. सुटलेलं टोक बसबारवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या उघड्या पट्टीवर, पडलं की झालं. पत्र्याची कथा तीच. पत्रा घट्ट बसवून अर्थ केला तर तो उत्तम झाकण आहे, कारण कायमचं दारही पत्र्याचंच असतं. पण एका स्क्रूवर लोंबकळणारा, कोपरे कापलेला पत्रा उघड्या पॅनलपेक्षा घातक. उघडं पॅनल निदान उघडं दिसतं तरी. अर्धवट झाकण समोरच्याला निश्चिंत करतं.

मग नीट झाकण कोणतं? याचं उत्तर देण्यासाठी अभियंत्यांनी एक कृत्रिम बोट बनवलं आहे. विद्युत उपकरणांच्या कवचाची परीक्षा घेणाऱ्या आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात, जे भारतानेही स्वीकारलं आहे, १२ मिलिमीटर जाडीचं, ८० मिलिमीटर लांबीचं, माणसाच्या बोटासारखं सांध्यांत वाकणारं एक परीक्षा-बोट ठरवून दिलेलं आहे. ते कुठल्याही फटीतून आत घातलं तरी विजेच्या भागाला पोचता कामा नये. ही ‘आयपी-२एक्स’ची पायरी. पॅनल बनवणाऱ्यांच्या मानकात आणखी एक बारकावा आहे. हात पोचेल इतक्या उंचीवर असलेल्या पॅनलच्या वरच्या आडव्या पृष्ठभागाला याहून कडक अट लागते: तिथून एक मिलिमीटरची तारही आत जाता कामा नये. कारण माणूस पॅनलच्या डोक्यावर वस्तू ठेवतोच. स्क्रू, खिळे, वायरीचे तुकडे, पाना. फट वर असेल तर ते सगळं कधी ना कधी खाली पडणार.

बोटाच्या पुढे आणखी तीन अटी येतात. पहिली, झाकण हत्याराशिवाय निघू नये. स्क्रूड्रायव्हर शोधावा लागला, की निम्मे लोक नाद सोडतात. मोबाइल चार्जिंगची वायर थेट टर्मिनलला खोचायला येणारे तर नक्कीच. दुसरी अट पदार्थाची. चांगलं तात्पुरतं झाकण हे आग धरून न ठेवणाऱ्या प्लास्टिकचं असतं. आपल्या पॅनलवाल्यांकडे बसबारवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट लावायची सवय आहे. दिसायला छान, पण अ‍ॅक्रिलिक जोमाने जळतं आणि आपटलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट महाग पडतं, पण त्यावर हातोडा पडला तरी फुटत नाही आणि ज्वाला काढून घेतली की सहसा विझतं. पारदर्शक नको असेल तर जुनी हायलम शीटही चालते. तिसरी अट सगळ्यांत दुर्लक्षित: भोकं. डब्याच्या अंगाला केबलसाठी जे नॉकआउट असतात, त्यातले चार तोडलेले आणि दोनच वापरलेले, हे चित्र नेहमीचं. पुढून सुंदर झाकण आणि खालून चार उघडी भोकं. एमसीबीची एखादी जागा रिकामी असते तिथेही दोन बोटं आत जातील एवढी खिडकी उरते. त्यासाठी ब्लँकिंग प्लेट मिळते, काही रुपयांची प्लास्टिकची पट्टी. ती नाही म्हणून तिथे पीव्हीसी टेप मारलेली असते, आणि उन्हाळा आला की टेपचा डिंक सुटतो.

या भोकांतून फक्त बोटंच जातात असंही नाही. पालीला पॅनलची ऊब आवडते. दोन फेजमध्ये आडवी आलेली पाल हे कारखान्यातल्या आणि सोसायटीच्या मीटर रूममधल्या बिघाडांचं इतकं ओळखीचं कारण आहे, की जुने वायरमन पॅनल उघडल्यावर आधी तेच शोधतात. उंदरांचं तर बोलायलाच नको.

आणि बाहेरच्या माणसाला वाचवणं हा झाकणाचा निम्माच उपयोग. उरलेला निम्मा आतल्या यंत्राला वाचवण्याचा. प्लास्टर घासताना उडणारी पांढरी धूळ, स्प्रेने मारलेला रंग, कटरखालून येणारी सिमेंटची राळ हे सगळं एमसीबीच्या फटींत आणि टर्मिनलच्या स्क्रूंवर बसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत यावर स्वतंत्र कलम आहे: उपकरणाचे आतले भाग रंग, प्लास्टर, साफसफाईची रसायनं, घासण्याचे पदार्थ यांनी माखता कामा नयेत. म्हणजे सप्लाय चालू व्हायच्या आधीपासूनच झाकण हवं. नव्या इमारतीत राहायला गेल्यावर वर्षभरात एखादा एमसीबी उगाच तापतो, त्यामागे बऱ्याचदा रंगाऱ्याच्या दिवसांत टर्मिनलवर बसलेला थर किंवा न आवळलेला स्क्रू निघतो.

अमेरिकेचं नाव निघालं आहे तर तिथली गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण या झाकणाचा तयार माल तिथल्या बांधकामावर जास्त रुळला. तिथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची आणि जिप्समच्या पाट्यांची. पॅनलचा डबा सांगाड्यात आधी बसतो, पाट्या नंतर लागतात, त्यांचे सांधे भरले जातात, घासले जातात, रंगवले जातात, आणि मग पॅनलचा दर्शनी पत्रा बसतो. म्हणजे आपल्या पुट्टीसारखीच अडचण, आणि जिप्समच्या पाट्यांची धूळ तर आणखी जास्त. त्यावर तिथे ठरावीक मापांची, बहुधा भडक पिवळ्या रंगाची, डब्यात दाबून किंवा स्क्रूने बसणारी प्लास्टिकची झाकणं मिळू लागली. एका इमारतीचं काम झालं की काढायची, पुढच्या इमारतीवर लावायची.

ती विकली गेली याला कायद्याचा धाकही कारणीभूत. अमेरिकेचा कामगार सुरक्षा कायदा १९७० चा. त्याखाली १९७१ मध्ये ओशा ही यंत्रणा सुरू झाली. तिचा नियम सरळ आहे: ५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाचा कुठलाही भाग चुकून हात लागणार नाही असा झाकलेला असला पाहिजे. बांधकामासाठीच्या नियमांतही हेच, आणि न वापरलेली भोकं बंद केलेली हवीत हेही त्यात आहे. काम अर्धवट आहे, दोन आठवड्यांत दार येणार आहे, अशी सवलत नाही. गंभीर उल्लंघनाचा कमाल दंड २०२५ मध्ये एका प्रकरणाला १६,५५० डॉलर होता.

दंडाच्या आकड्यापेक्षा मला त्यातला दुसरा भाग जास्त शहाणपणाचा वाटतो. एका साइटवर दहा ठेकेदार असतात, तेव्हा दोष कुणाचा? १९९९ च्या धोरणात ओशाने ठेकेदारांच्या चार भूमिका मांडल्या. धोका निर्माण करणारा, आपल्या माणसांना त्या धोक्यात उभं करणारा, तो दुरुस्त करायची जबाबदारी घेतलेला, आणि संपूर्ण साइटवर ताबा असलेला. पॅनल उघडं ठेवलं इलेक्ट्रिकल ठेकेदाराने, पण त्याच्यासमोर आपल्या रंगाऱ्याला शिडी लावायला सांगणारा रंगाचा ठेकेदारही जबाबदार धरला जाऊ शकतो. आणि हे सगळं रोज पाहून पुढे जाणारा मुख्य ठेकेदारही. आपल्या साइटवर ‘ते आमच्या स्कोपमध्ये नाही’ हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारलं जातं, त्यावर याहून नेमका उतारा मला माहीत नाही.

ब्रिटनने तर वेगळी वाट धरली. तिथल्या बांधकामावर हातातली यंत्रं ११० व्होल्टवर चालवायची पद्धत आहे. पिवळ्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर, त्याच्या मध्यबिंदूला अर्थ. त्यामुळे कुठल्याही एका तारेचा जमिनीशी दाब फक्त ५५ व्होल्ट. झाकण तुटलं, केबल कापली गेली, तरी लागणारा धक्का सहसा जीव घेत नाही. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही. कटरपासून व्हायब्रेटरपर्यंत सगळी यंत्रं २३० ची किंवा थ्री-फेज, त्यामुळे आपलं सगळं ओझं आवरण, अर्थिंग आणि आरसीसीबी यांच्यावर.

आपले नियम काही कमी नाहीत. १९५६ चे भारतीय विद्युत नियम, त्यांची जागा घेणारे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे विनियम, आणि ते बदलून २०२३ मध्ये आलेले नवे, अशी ही परंपरा आहे. इमारतीत उघडे विद्युतवाहक असतील तर ते हाताच्या आवाक्याबाहेर असले पाहिजेत, ही अट त्यात जुनी आहे. २५० व्होल्टच्या वर कवटी-हाडांची, स्थानिक भाषेतली धोक्याची पाटी हवी, हीसुद्धा. बांधकाम मजुरांसाठीचा कायदा १९९६ मध्ये आला आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ मध्ये. त्यांत बांधकामावरच्या प्रत्येक तात्पुरत्या वीजजोडणीला ईएलसीबी सक्तीचा केला होता.

या सगळ्यात माझा आवडता नियम पॅनलच्या पाठीमागच्या जागेचा. पॅनलसमोर किमान एक मीटर मोकळी जागा हवी, हे समजण्यासारखं आहे. पण पाठीमागे उघडी जोडणी असेल तर तिथली जागा एक तर २० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाही तर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. मधलं माप चालत नाही. २० सेंटिमीटरमध्ये माणूस शिरूच शकत नाही. ७५ असेल तर शिरून, काम करून, काही झालं तर सटकूही शकतो. ४० सेंटिमीटरमध्ये तो शिरतो आणि अडकतो. ज्या कुणी हे लिहिलं, त्याने अशा फटीत अडकलेला माणूस पाहिला असणार असं मला नेहमी वाटतं. नियम असा असावा. आपल्या बहुतेक मीटर रूममध्ये पॅनलच्या पुढच्या त्या एक मीटरमध्ये सायकल, जुनं कपाट आणि झाडू असतात, हा भाग वेगळा.

धोक्याच्या पाटीबद्दलही एक सांगायचं. उघड्या पॅनलवर कवटीची पाटी लटकवली की काम झालं अशी समजूत पक्की आहे. पाटी वाचू शकणाऱ्याला सावध करते. शिडीवरून तोल गेलेल्याला पाटी काय सांगणार? खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, पॅनललाही हळदकुंकू लागतं आणि झेंडूची माळ चढते. पूजा व्हावीच, पण ती बंद दाराची व्हावी. बसबारशेजारी ओल्या फुलांची, सुईदोऱ्याने ओवलेली माळ मी पाहिलेली आहे, आणि ती काढा म्हणणाऱ्याकडे लोकांनी कसं पाहिलं तेही.

झाकणाकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही स्पष्ट असलेलं बरं. ते चुकून होणारा स्पर्श अडवतं. आतल्या शॉर्टसर्किटमधून उसळणारा विद्युतकंस, म्हणजे आर्क फ्लॅश, ते अडवत नाही. राल्फ ली यांनी १९८२ मधल्या निबंधात या दुसऱ्या धोक्याचं गणित मांडलं: कंसाच्या गाभ्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा काही पट जास्त, आणि तांब्याला हात न लावताही काही फुटांवरचा माणूस होरपळू शकतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी इतकी उष्णता त्वचेवर पडली की दुसऱ्या दर्जाचा भाजण्याचा व्रण होतो. प्लास्टिकच्या शीटने तो लोळ थांबत नाही. म्हणून चालू लाइनवर झाकण काढणं किंवा लावणं हेच मुळात जोखमीचं काम आहे. पिवळं झाकण घेऊन आलेला नवखा पोरगा ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवत असेल, आणि आत ४१५ व्होल्ट जिवंत असतील, तर सुरक्षिततेच्या नावाखाली आपण अपघातच बोलावतो आहोत. आधी पॅनलला वीज देणारा मागचा फीडर बंद, त्याला कुलूप, चावी काम करणाऱ्याच्या खिशात, टेस्टरने खात्री, आणि मग झाकण. खिशातला निऑन टेस्टर नव्हे, दोन टोकांचा टेस्टर; आणि तोही आधी चालू लाइनवर लावून पाहिलेला.

मंडपांविषयी बोलल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. गणेशोत्सवात दहा-बारा दिवसांसाठी गल्लोगल्ली तात्पुरत्या जोडण्या उभ्या राहतात, तेही भर पावसाच्या भाद्रपदात. अधिकृत तात्पुरतं कनेक्शन घ्या, आकडे टाकू नका, असं आवाहन महावितरण दरवर्षी करतं आणि बरीच मंडळं आता घेतातही. पण मीटरच्या पुढची व्यवस्था मंडळाची. डेकोरेटरकडून आलेलं पॅनल स्टेजच्या मागे, पडद्याआड उभं असतं. त्याला दार असतं, पण ते लागत नाही, आणि याला एक यांत्रिक कारण आहे. लायटिंगवाला, साउंडवाला, देखाव्याच्या मोटरचा माणूस, प्रत्येक जण आपली केबल समोरून आत घालतो. केबलचा जाड गुच्छ आणि पॅनलची चौकट यांच्यात दार अडकतं. मग दार उघडंच राहतं, त्यावर कुणीतरी शेला वाळत घालतं.

बांधकामावरच्या पॅनलसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६१४३९चा चौथा भाग, नेमकी हीच गोष्ट पकडतं. अशा पॅनलचं दार वापरात असताना, म्हणजे सगळ्या केबल जोडलेल्या असतानाही, बंद होता आलं पाहिजे. आणि बंद असताना कुठूनही उडालेल्या पाण्याने त्याला अपाय होता कामा नये. उपाय स्वस्त आहे. केबल खालून घ्यायची, ग्लँडमधून, आणि सॉकेट पॅनलच्या बाहेरच्या अंगाला. दार मग आपोआप लागतं. जे पॅनल असं बनवलेलंच नाही, त्याच्या दाराच्या आत, एमसीबींचे खटके तेवढे बाहेर राहतील असं कापलेलं एक आतलं झाकण बसवता येतं. बाहेरचं दार उघडं राहिलं तरी बोट तांब्याला पोचत नाही. घरच्या डीबीत दार उघडल्यावर जो पत्रा दिसतो तो हेच काम करतो. विजेच्या धंद्यात त्याला डेड फ्रंट म्हणतात. याच्या अगदी उलट, एके काळी वीजघरांत संगमरवराच्या किंवा स्लेटच्या पाट्यांवर तांब्याचे पातीचे स्विच उघडे असत आणि माणूस त्यांच्यासमोर उभा राहून ते हाताने ओढत असे. आपल्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या लाकडी बोर्डांवर किटकॅट फ्यूजचंही तसंच होतं. फ्यूज काढताना अंगठा कुठे ठेवायचा हे घरातली मोठी माणसं शिकवत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू गेली काही वर्षं दरवर्षी दहा हजारांच्या वर आहेत. त्यात शेतातल्या मोटरी आहेत, तुटलेल्या तारा आहेत, आकडे आहेत. उघड्या पॅनलसमोर किती गेले हे त्यातून वेगळं निघत नाही. पण तारा बदलायला यंत्रणा लागते, निधी लागतो. पॅनल झाकायला दोन-तीन मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट, चार स्क्रू आणि अर्धा तास लागतो.

साइटवर हे बसवायचं कसं, याचं माझ्या मते व्यवहारी उत्तर असं. झाकणाशिवाय सप्लाय चालू करायचा नाही, ही अट इलेक्ट्रिकल ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्येच लिहायची. सेफ्टी ऑफिसरच्या भाषणात तिचा काही उपयोग होत नाही. बिलात झाकणांची ओळ वेगळी असली की ती झाकणं येतात. प्रत्येक झाकणावर मजला आणि पॅनलचा क्रमांक मार्करने लिहायचा, कारण क्रमांक असलेली वस्तू हरवली की कुणाला तरी विचारता येतं. कुठला एमसीबी कशाचा, याची यादी झाकणाच्या बाहेरच्या बाजूला चिकटवायची. नाही तर एक लाइन बंद करण्यासाठीही झाकण काढलं जातं आणि मग ते परत लागत नाही. रोजच्या फेरीत मुकादमाने झाकण आहे का एवढंच पाहायचं नाही, चारही स्क्रू आहेत का ते पाहायचं. दोन स्क्रूंवर आलेलं झाकण म्हणजे कालच कुणीतरी आत हात घातला होता.

आणि शेवटी कायमचं दार लावायचा दिवस येतो तेव्हा फीडर पुन्हा बंद करून, तात्पुरतं झाकण काढून, आतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. फुंकर मारायची नाही. ती धूळ फुंकरीने एमसीबीच्या आणखी आत जाते. प्रत्येक टर्मिनल पुन्हा आवळायचं, कारण तांब्याची वायर काही आठवड्यांत दबते आणि स्क्रू सैल पडतो. रिकाम्या जागी ब्लँकिंग प्लेट, तुटलेल्या नॉकआउटला रबरी ग्रोमेट किंवा बूच, अर्थची वायर दाराच्या बिजागरीपाशी जोडलेली. मग दार. उतरवलेलं पिवळं झाकण पुसून, मोजून, स्टोअरकीपरची सही घेऊन पुढच्या विंगच्या गाडीत.